विंडलस घसरतोय? पाना उचलण्याआधी नेलपॉलिश लावा

जयगडच्या किल्ल्याखाली, शास्त्री नदीच्या मुखाशी, फेब्रुवारीतली पहाट. एका 31 फुटी शिडाच्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मी उकिडवा बसलो होतो. जमिनीकडून मतलई वारा सुटलेला, त्यात ओहोटी बोटीला बाहेर ओढत होती. पायाखालचं बटण दाबलं की नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राची, म्हणजे विंडलसची, मोटर गुरगुरायची, वरचा ड्रम फिरायचा आणि साखळी जागच्या जागी. बोट मुंबईहून गोव्याला निघालेली. मालक मागे सुकाणूपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "काय रे, येतोय का नांगर?" मी म्हटलं, "क्लच ढिला वाटतोय काका, आवळतो." हँडलला पाइप अडकवला आणि नट पिळला. पुढच्याच लाटेला नाळ वर उचलली गेली, साखळी तारेसारखी ताणली, आतून 'टक्' आवाज आला. मग वरचा ड्रमही थांबला. खाली मोटर मात्र मोकळी फिरत राहिली.

शाफ्टमधली चावी, म्हणजे खाचेत बसून दोन भाग एकत्र फिरवणारी धातूची छोटी पट्टी, तुटली होती. उरलेली 25 मीटर साखळी आम्ही दोघांनी दोराची गाठ मारून, तो शिडाचे दोर ओढायच्या विंचवर घेऊन, थोडी थोडी करत वर काढली. पाऊण तास लागला. बंदरात येऊन विंडलस उघडला तेव्हा क्लच चांगला निघाला. वारा आणि ओहोटी मिळून बोटीला जेवढ्या जोराने ओढत होते तेवढा ताण घ्यायचा नाही म्हणून तो घसरत होता. ते त्याचं कामच आहे. मी त्याला घसरू दिलं नाही, म्हणून चावी गेली. इंजिन चालू करून बोट पुढे घेतली असती तर पाच मिनिटांत नांगर वर आला असता.

मी रत्नागिरीच्या आय.टी.आय.मधून फिटर झालो. लहान बोटींची कामं करतो, शिडाच्या आणि इंजिनच्याही. माझे बाबा मच्छीमारी मचव्यावर होते, नांगर दोघांनी मिळून हाताने ओढायचे. ते आधी दोरावर तळहात ठेवायचे आणि खाली काय चाललंय ते सांगायचे: नांगर खडकात अडकलाय, की नुसता गाळात सरकतोय. विंडलसवर काम करताना मला ते रोज आठवतं. बटण आलं की हात साखळीवर ठेवायची सवय जाते, आणि मग जे घसरत नाही तेच आपण दुरुस्त करत बसतो.

पुढे जे सांगतोय ते 12 व्होल्टच्या, साधारण 700 ते 1500 वॅटच्या, डेकवर बसणाऱ्या विंडलसबद्दल आहे. आमच्याकडे सगळे त्यालाही विंचच म्हणतात, पण बोटीवर शिडाचा विंच वेगळा असतो म्हणून इथे विंडलस म्हणतो. त्याचे भाग थोडक्यात असे: खाली मोटर, तिला जोडलेला गिअरबॉक्स, त्यातून वर येणारा शाफ्ट. शाफ्टवर साखळीचं चाक, ज्याला जिप्सी म्हणतात. त्याला कड्या बसायला खाचा असतात. हे चाक शाफ्टला थेट जोडलेलं नसतं. वर एक शंकू, खाली एक शंकू, मध्ये चाक, आणि वरून नट. नट आवळला की शंकू चाकाला दोन्हीकडून पकडतात आणि ते शाफ्टबरोबर फिरतं. नट सैल केला की चाक मोकळं होतं आणि नांगर स्वतःच्या वजनाने खाली जातो. ही पकड म्हणजे क्लच.

आधी रेघ मारा

"घसरतोय" एवढंच ऐकून मी आता पाना उचलत नाही. घरातली नेलपॉलिशची बाटली माझ्या पेटीत असते, लाल किंवा पांढरी. विंडलस कोरडा पुसायचा आणि एकच सरळ रेघ मारायची: शाफ्टच्या टोकावरून नटावर, नटावरून वरच्या शंकूवर किंवा ड्रमवर, तिथून चाकाच्या कडेवर, आणि शेवटी न फिरणाऱ्या बुडावर. चाकात बसलेल्या एका कडीवरही ठिपका द्यायचा. खडूने काम होत नाही, पाण्याचा पहिला शिंतोडा पडला की जातो. पाच मिनिटं वाळू द्या. मग कोणालातरी बटण दाबायला सांगा, नुसतं दोन-तीन सेकंद, आणि तुम्ही रेघेकडे बघा.

शाफ्ट, नट आणि शंकू पुढे गेले आणि चाकावरची रेघ मागे राहिली, तर क्लच घसरतोय.

चाकही पुढे गेलं, पण कडीवरचा ठिपका मागे राहिला आणि 'खट्-खट्' आवाज आला, तर साखळी खाचांतून उडी मारतेय.

वरचं काहीच हललं नाही आणि खाली मोटर सुरात फिरतेय, तर चावी तुटलीय नाहीतर गिअर गेलाय.

वरचं काही हललं नाही आणि मोटर कण्हतेय किंवा गप्प आहे, तर एकतर ताण जास्त आहे नाहीतर वीज पोचत नाही. ही खरं म्हणजे घसरण नव्हे, पण फोनवर बरेच जण हिलाही घसरणंच म्हणतात.

फोनवर मला कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा या रेघेचाच व्हिडिओ मागतो. साध्या मोबाइलवर काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. रेघ दिसली पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे.

विंडलस किती वजन उचलतोय ते मोजा

पुढच्या सगळ्या कामाआधी हा हिशेब करा. समजा 15 किलोचा नांगर आणि 8 मिलिमीटरची साखळी, जी मीटरला साधारण 1.4 किलो भरते. पाणी 10 मीटर खोल. नांगर तळातून सुटल्यावर खाली लोंबतं काय? 15 किलोचा नांगर आणि 14 किलो साखळी, म्हणजे 29 किलो. पोलाद पाण्यात आपल्या वजनाचा आठवा हिस्सा गमावतं, म्हणजे हातात राहतं 25 किलोच्या आसपास. शाळेतला मुलगा उचलेल एवढं.

विंडलस निवडताना सर्वसाधारण नियम असा की नांगर आणि सगळी साखळी मिळून जेवढं वजन, त्याच्या तिप्पट ओढायची ताकद हवी. 40 मीटर साखळी धरली तर 56 आणि 15 मिळून 71 किलो, तिप्पट 213. म्हणजे 25 किलो लोंबत असताना क्लच घसरत असेल तर यंत्रात नक्की दोष आहे, शोधा.

पण वाऱ्यात उभी असलेली बोट विंडलसने ओढली तर हिशेब पार बदलतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात 30 फुटी बोटीच्या नांगरावर 15 नॉट वाऱ्यात 175 पौंड ताण धरलाय, म्हणजे सुमारे 80 किलो. 30 नॉटला तोच ताण 700 पौंड, म्हणजे 318 किलो. वारा दुप्पट, ताण चौपट. त्यात ओहोटी आणि लाटेचा झटका वेगळाच. आमच्या किनाऱ्यावर दुपारी वायव्येकडून जो खारा वारा येतो त्यात नांगर उचलायचा असेल, तर 'बटण दाबलं की बोट पुढे येईल' हा विचारच सोडा. इंजिनवर बोट हळू पुढे घ्या, साखळी सैल पडू द्या आणि विंडलसने फक्त ती सैल साखळी गोळा करा. नाळेवरच्या माणसाने साखळी कुठल्या दिशेला जातेय ते हाताने दाखवत राहायचं. इंजिनच्या आवाजात ओरडून काही कळत नाही.

साखळी सरळ खाली उभी राहिली आणि नांगर तळात रुतलेलाच आहे, तर थांबा. साखळी चेन स्टॉपरमध्ये (साखळी धरून ठेवणारी डेकवरची खटकी) अडकवा नाहीतर आकडा (हूक) लावून दोराने क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या डेकवरच्या खुंटीला, बांधा, आणि नांगर इंजिनच्या जोराने सोडवा. रुतलेला नांगर उपटायला विंडलस वापरू नका. रात्रभर नांगरावर उभं राहतानाही ताण विंडलसवर ठेवू नका: 6-8 मीटरचा नायलॉन दोर, टोकाला साखळीचा आकडा, दुसरं टोक क्लीटला, आणि विंडलसकडची साखळी सैल लोंबती. नायलॉन ताणतो आणि झटका गिळतो. जिथे जिथे मी झिजलेले शंकू आणि वाकलेले शाफ्ट पाहिले, तिथे बहुतेक ठिकाणी हा दोरच नव्हता.

क्लच घसरत असेल तर

आता खरं काम. पहिल्यांदा अगदी साधी गोष्ट तपासा: मागच्या वेळी नांगर मोकळा सोडताना नट सैल केला होता, तो परत आवळला का? माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे फार वेळा निघतं. विंचचं नेहमीचं 10 इंची हँडल घ्या आणि एका हाताच्या जोराने आवळा. एका हाताच्याच. पाइप नको, हातोडी नको, शरीराचा भार नको. आवळून झालं की हँडल काढून खिशात किंवा त्याच्या जागी ठेवा, आणि मगच बटणाला हात लावा. हँडल आत राहिलं आणि मोटर फिरली तर ते नडगीवर किंवा मनगटावर बसतं. त्याने हाड मोडतं.

एवढं करूनही 25 किलोला घसरतोय? मग उघडायचं. आधी साखळी स्टॉपरला किंवा क्लीटला नीट बांधा, नाहीतर चाक निघाल्याबरोबर 40 मीटर साखळी समुद्रात जाईल आणि तिच्या वाटेत बोटं असतील तर तीही. बॅटरीकडचा ब्रेकर बंद करा, नुसतं बटणावर विसंबू नका. डेकवर जुना टॉवेल अंथरा, आणि रेलिंगच्या बाजूला कापड बांधा. सर्कलिप, म्हणजे शाफ्टवर भाग धरून ठेवणारी स्प्रिंगसारखी कडी, उडते, आणि ती नेमकी पाण्याकडेच उडते. प्रत्येक भाग काढला की फोटो काढा आणि टॉवेलवर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडा. वॉशरची कुठली बाजू वर होती तेही लिहा. दोन शंकू सारखे दिसले तरी त्यांची अदलाबदल करू नका. इतके दिवस जो ज्या जागी झिजलाय, तो तिथेच नीट बसतो.

काढलेले भाग गोड्या पाण्यात भिजवा. मीठ सुटायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात चहा होतो. मग रॉकेलने जुनं ग्रीस काढा आणि शंकूचे तोंड हिरव्या घासणीने हलकेच घासा. पॉलिश पेपरने रगडू नका, त्याने शंकूचा उतार बिघडतो. शंकूवर ग्रीस लावायचं की नाही, यावर बोटवाल्यांमध्ये वाद होतात, पण वाद घालायचं कारण नाही. धातूच्या शंकूंवर काही कंपन्या बोटाने पुसलेला पातळ थर सांगतात, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. फायबरचं अस्तर असलेले शंकू कोरडेच हवेत. तुमच्या विंडलसच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते करा. मागे कोणीतरी सगळीकडे भरभरून ग्रीस चोपडलं असेल, तर मात्र घसरण्याचं कारण तेच. मी एका विंडलसमधून चमचाभर ग्रीस खरवडून काढलंय. पुढे तो दोन वर्षं घसरला नाही.

शंकू नीट बसतात का, हे बघायची फिटरची जुनी पद्धत आहे. कोरड्या शंकूवर पेन्सिलीने उभ्या रेघा ओढा, बोटभर अंतराने, चहूबाजूंनी. चाक बसवा, हाताने दाबून थोडं डावी-उजवीकडे फिरवा, काढा. जिथे धातू धातूला लागला तिथली रेघ पुसली जाते. सगळीकडे सारखी पुसली असेल तर शंकू चांगले. फक्त वरच्या कडेला पुसली असेल, नाहीतर एकाच बाजूला, तर पकड तेवढ्याच जागेवर आहे. नट कितीही आवळा, ती घसरणारच.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच बरेच जण फसतात. शंकू झिजले की चाक थोडं थोडं खाली बसत जातं. एक दिवस ते बुडाला टेकतं, किंवा नट शाफ्टच्या पायरीला टेकतो. बाहेरून वाटतं की नट गच्च बसला, पण तो चाकाला दाबतच नसतो. हे तपासायला कणकेचा छोटा गोळा घ्या. बोटीवर फट मोजायचं फीलर गेज नसलं तरी कणीक असते. थोडं तेल लावून गोळा चाक आणि बूड यांच्या मध्ये ठेवा, नट नेहमीसारखा आवळा, मग उघडून गोळ्याची जाडी बघा. फट शिल्लक असेल तर कणकेची एकसारखी चकती निघते. चकती फाटून मधून धातू दिसला, तर चाक टेकलंय. अशा वेळी काही जण मध्ये वॉशर घालून वेळ मारून नेतात. घालायचाच असेल तर फक्त कंपनीने त्यासाठी दिलेला घाला. पण त्याने काही महिनेच जातात, शंकू बदलायला हवेत. नवे मागवताना चाकही बदलायला आलंय का ते त्याच वेळी बघा, एका पार्सलमध्ये दोन्ही येतात.

चावी आणि तिची खाच बघायला विसरू नका. चावी बोटाने हलवा. हलली तर तिच्या कडा गोल झाल्यात. चावी बदलणं स्वस्त, पण खाच रुंद झाली असेल तर शाफ्ट लेथवर न्यावा लागतो. शाफ्टचे आटे ब्रशने साफ करा, लॅनोलिनचं ग्रीस लावा. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं बूड खाऱ्या पाण्यात एकमेकांशी नांदत नाहीत. मध्ये ग्रीस नसेल तर तीन वर्षांनी तो बोल्ट ड्रिल करूनच काढावा लागतो.

साखळी उडी मारत असेल तर

पहिला प्रश्न साखळीच्या मापाचा. दुकानात जाडी सांगितली जाते: आठ, दहा. पण चाकाला हवी असते कडीची आतली लांबी. 8 मिलिमीटरच्या साखळीत ती सहसा 24 मिलिमीटर, त्यामुळे तिथे घोळ कमी होतो. 10 मिलिमीटरला मात्र दोन मापं चालतात: डीआयएन 766 या जर्मन मानकाची कडी 28 मिलिमीटर आणि आयएसओ 4565 या आंतरराष्ट्रीय मानकाची 30. दिसायला दोन्ही सारख्या. एका कडीला दोन मिलिमीटरचा फरक कळत नाही, पण चाकावरून चौथी-पाचवी कडी येईपर्यंत ती खाचेच्या कडेवर चढते आणि उडी मारते. तेव्हा एक कडी मोजू नका. साखळी ताणून धरा, पहिल्या कडीच्या डाव्या टोकापासून बाराव्या कडीच्या डाव्या टोकापर्यंत पट्टी लावा. मध्ये 11 कड्यांचं अंतर भरतं. 24 च्या साखळीला 264 मिलिमीटर आलं पाहिजे. 28 ला 308, आणि 30 ला 330. आता फरक 22 मिलिमीटरचा झाला, तो लपत नाही. चाकावर बहुतेक वेळा त्याचं माप कोरलेलं असतं, दात घासायच्या ब्रशने गाळ काढला की दिसतं. मुंबईत जुन्या जहाजांचं सामान मिळतं त्या दारूखाना भागात साखळी घ्यायला गेलात तरी पट्टी आणि जुन्या साखळीचा हातभर तुकडा बरोबर न्या. जाडी एक, पण कडी लांब अशी साखळी तिथे भरपूर मिळते. ती माल बांधायला ठीक आहे, विंडलसला नाही.

जुन्या साखळीचं 11 कड्यांचं अंतर वाढलं असेल तर कड्या झिजून लांबल्यात. दोन कड्या जिथे एकमेकींत अडकतात तिथली जाडी व्हर्नियरने मोजा. दहावा हिस्सा गेला असेल, म्हणजे 8 ची 7.2 झाली असेल, तर साखळी बदला. तुमचा नांगर जिच्या भरवशावर आहे तिच्याबाबत "अजून एक सीझन" म्हणू नका.

माप बरोबर असूनही उडी मारतेय? मग साखळीच्या खोलीत टॉर्च घेऊन उतरा. साखळी आत पडते ती शंकूसारखा ढीग करत पडते. खोली उथळ असेल तर ढिगाचं टोक वरच्या नळीपर्यंत पोचतं, साखळीला खाली पडायला जागा उरत नाही, ती चाकाखाली तुंबते आणि खाचेतून बाहेर ढकलली जाते. ओळखायची खूण अशी की पहिले 20-25 मीटर चांगले येतात आणि मग त्रास सुरू होतो. नळीच्या तोंडाखाली हातभर तरी मोकळी जागा हवी. तात्पुरता उपाय म्हणजे कोणीतरी आत वाकून काठीने ढीग आडवा पाडत राहायचं. कायमचा उपाय म्हणजे जास्तीची साखळी कमी करणं नाहीतर खोलीचा तळ खाली नेणं.

आणि गाळ. आमच्या खाड्यांचा तळ म्हणजे काळा चिकट गाळ. नांगर त्यात छान धरतो, पण साखळीबरोबर तो वर येतो आणि चाकाच्या खाचांत भरून बसतो, कडी अर्धीच बसते. वाशिष्ठीच्या किंवा शास्त्रीच्या आत नांगर टाकला असेल तर उचलताना बादलीने पाणी मारत मारतच साखळी घ्या. सुकल्यावर तो गाळ खिळ्याने कोरून काढावा लागतो. बोट बरेच दिवस एकाच जागी साखळीवर उभी असेल तर कड्यांवर बार्नॅकलही (घट्ट चिकटणारे कवचाचे समुद्री जीव) चढतात, ते हातोडीच्या दांड्याने ठोकून आधीच पाडा. चाकाच्या मागे साखळी सोडवून खाली वळवणारी एक पट्टी असते, तिला स्ट्रिपर म्हणतात. ती वाकली किंवा झिजली असेल तर कडी चाकाबरोबरच फिरून मागे येते. पट्टी सरळ करणं दहा मिनिटांचं काम आहे.

साखळीनंतर दोर असलेल्या बोटीवर दोरच घसरत असेल तर कारणं तीनच: दोर चुकीच्या जाडीचा, दोर मिठाने काठीसारखा ताठ झालेला, नाहीतर दाबून धरणाऱ्या दांडीची स्प्रिंग मेलेली. दोर एक रात्र गोड्या पाण्यात भिजवून बघा. साखळी आणि दोर जोडणारी वीण जाड आणि कडक झाली असेल तर ती तोडून नवी घाला.

मोटर कण्हत असेल तर

इथे मल्टिमीटर लागतो आणि दोन माणसं. इंजिन चालू ठेवा, एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने मोजायचं. ताण असताना बॅटरीच्या टोकांवर किती आणि मोटरच्या टोकांवर किती? ताण नसताना मोजलेला आकडा काही कामाचा नाही. 1000 वॅटची मोटर 12 व्होल्टवर 80 ते 100 अँपिअर खाते. बॅटरी मागे आणि मोटर पुढे असेल तर 8 मीटर जाताना, 8 मीटर येताना, असा 16 मीटर तांब्याचा रस्ता. 25 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये 100 अँपिअरला यात 1.1 व्होल्ट जातात. 35 मध्ये 0.8, आणि 50 मध्ये 0.56. म्हणजे चांगल्या केबललाही थोडं जाणारच. पण बॅटरीवर 12 आणि मोटरवर 9.5 दिसत असतील तर मध्ये कुठेतरी सांधा खराब आहे. बटण सोडल्याबरोबर ब्रेकर बंद करून एकेक जोड हाताने चाचपा. जो गरम, तो दोषी. बहुतेक वेळा तो नाळेकडच्या खोलीतल्या सोलेनॉइडवर, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, सापडतो, जिथे ओली साखळी महिनोन्महिने शेजारी पडलेली असते. लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, काढा, हिरवा थर घासा, केबल काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा आणि नवा लग क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा.

मोटर फिरतेय आणि शाफ्ट नाही, तर गिअरबॉक्सचं तेल थोडं सांडून पांढऱ्या कपड्यावर घ्या. दुधासारखं पांढरट असेल तर ऑइल सीलमधून पाणी शिरलंय. त्यात सोनेरी चुरा चमकत असेल तर आतलं ब्राँझचं चाक झिजतंय. चावी बदलून भागलं तर तुमचं नशीब. ब्राँझचं चाक गेलं असेल तर गिअरबॉक्स डेकवर उघडू नका, उतरवून टेबलावर घ्या.

परत बसवल्यावर

1 जून ते 31 जुलै आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर काढलेल्या असतात, आणि माझी ही सगळी कामं त्याच दोन महिन्यांत होतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास बोटी पाण्यात गेल्या की मी प्रत्येक विंडलसची चाचणी घेतो ती अशी. शांत पाणी, 10 मीटर खोली, वारा पडलेला. नांगर तळाला टेकेल एवढाच सोडायचा. नट मुद्दाम सैल ठेवायचा, रेघ नव्याने मारायची. बटण दाबायचं. घसरला की थांबायचं, नट पाव फेरा आवळायचा, पुन्हा दाबायचं. 25 किलो न घसरता वर आले की आणखी पाव फेरा, आणि बस. त्या जागी नटावर आणि शाफ्टवर दुसऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुढच्या वेळी नांगर मोकळा सोडून परत आवळताना मालकाने ते दोन ठिपके जुळवले की झालं. दर सीझनला ते थोडे पुढे सरकतात, तेवढे शंकू झिजले असं समजायचं. किती सरकले ते वहीत तारखेसह लिहायचं.

जयगडच्या त्या बोटीवर आता लाल रेघ आणि पांढरे ठिपके आहेत. काकांनी पाइप घरी नेऊन ठेवला.